बू खालिदची स्वस्तातली रायफल

आमचं गाव कोरेगाव बाजूचं, सातारा जिल्हा, आन् आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत असतोच, त्यात काय नवल न्हाई. वडील फौजेत, चुलतं फौजेत, मी बी गेलो, पण मी बंदूक चालवणारा न्हाई, बंदूक नीट करणारा, आर्मरर म्हणत्यात. लोकांस्नी वाटतं फौजी म्हंजे धडाधड गोळ्या. आवो कसल्या गोळ्या, माझी समदी नोकरी एका बाकड्याशी गेली, तेल, चिंध्या, पेचकस आन् वरनं साहेबाच्या शिव्या. पेन्शनीत आलो तवा आमची मंडळी म्हणाली, आता घरी बसून माझं डोकं खाऊ नका. मी तापट माणूस, खोटं कशाला बोलू, रिकामा बसलो की भांडणं उकरून काढतो. मग एका जुन्या सोबत्यानं सांगितलं, दोह्यात शिकारीच्या सामानाचं दुकान हाय, बंदुका तपासाया माणूस पायजे. तसा आलो इकडं.

दुकान दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत. पुढं काचा आन् एसी, मागं माझी खोली. नोकर आम्ही दोघंच, मी आन् विजयन. विजयन केरळचा, काउंटरवर असतो, असा गोड बोलतो की गिऱ्हाईक बूट घ्याया आलं तर दुर्बीण घेऊन जाईल. मालकाला आम्ही अरबाब म्हणतो. तवा फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तयारी चाललेली, समदं दोहा खणून ठेवलेलं, काल ज्या रस्त्यानं आलात तिथं आज बॅरिकेड, आन् बाण दाखवील तिकडं जायचं, मग बाण तुम्हाला समुद्रात नेऊ दे न्हाईतर वाळूत. कुणाला काय बोलायची सोय न्हाई, समदी म्हणायची इन्शाल्ला पोचू.

आता त्या रायफलींचं सांगतो. एकाच बनावटीच्या तीन आलेल्या, नमुन्याला, बोल्ट म्हंजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी दांडा, त्यो मागं ओढून एकेक गोळी भरायच्या, शिकारीच्या, आन् लई स्वस्त. शोकेसमधल्या अक्रोडाच्या लाकडाच्या एका रायफलीच्या पैशात ह्या चार आल्या असत्या. अरबाब म्हणाला, बघ, विकायच्या लायकीच्या हायत का. पहिली हातात घेतली आन् मी नाकच मुरडलं. लाकडाच्या जागी बट काळ्या प्लास्टिकची, पुढनं दाबली तर वाकून नळीला टेकायची, मॅगझिन बी प्लास्टिकचं, आन् बोल्ट ओढला की खरखर वाजायचा, जुन्या दाराच्या कडीवाणी. पण काय सांगू तुम्हाला, हत्यार रूपावर न्हाई तोलायचं. नळीत उजेड धरून बघितलं, आत साफ, तोंडाशी कडा एकसारखी. ट्रिगर मधीच अडकत नव्हता. बोल्ट फिरवून बंद केला की पुढचे दोन्ही खिट्टे खाचेत घट्ट. रेंजवर नेऊन मारून बघितल्या तर गोळ्या चहाच्या बशीखाली झाकतील अशा पडल्या. मी अरबाबला म्हणालो, पैसा जिथं लागाया पायजे तिथं लागलाय, वाचवलाय तो नुसता दिसण्यावर, बिनधास्त विका.

एक माप मात्र मी तिघींचं निरनिराळं घेतलं, कारण ते ज्याचं त्याचं असतं. गोळी आत बसली की तिच्या बुडात आन् बोल्टात किती फट राहती, त्ये. त्येचे दोन गेज असत्यात, गोळीच्या आकाराचे पोलादी तुकडे. एकावर बोल्ट बंद झालाच पायजे, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. दुसऱ्यावर झाला म्हंजे फट जास्त, मग बार उडाला की गोळीची पितळी पुंगळी ताणती, ताणून फाटती, आन् धग मागं येती, मारणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून ज्या नळीचा बोल्ट त्याच नळीला, ती जोडी फौजेत कुणी मोडत न्हाई, दोन्हीवर एकच नंबर असतोय. तिन्ही पास झाल्या, पण एक जराशी सैल व्हती. काठावर पास.

आन् नेमकी तीच बू खालिदनं उचलली. बू खालिद म्हंजे दोह्याच्या उत्तरंला उम्म सलाल मोहम्मद गाव हाय, तिथला म्हातारा, तिथं त्येचा मळा, खजुरी, बकऱ्या. त्येच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, दिसायचं ते नुसतं उजव्यानं. हिंदी आपल्यापेक्षा चांगली बोलायचा. अरबाब त्येला अक्रोडवाली दाखवत व्हता, आन् म्हातारा त्येला सोडून मला विचाराया लागला, तू बंदुकीचा माणूस, तू सांग, ही काळी कशी हाय? पोरं मला महागाची आणून देत्यात ती कपाटात ठेवाया, मला वाळूत लोळवाया पायजे. अरबाब माझ्याकडं असा बघाया लागला की बोलशील तर याद राख. पण विचारलंय तर खरं सांगणार, मी काय विजयन हाय व्हय? म्हणालो, बाबा, रूप न्हाई पण गुण हाय, घ्या. त्यो म्हणाला, तुझ्या जबानीवर घेतो, डोळा एकच राहिलाय माझा. मी म्हणालो, माझ्या जबानीवर. तिथंच त्येनं तिघींतल्या त्या सैल रायफलीवर बोट ठेवलं, आन् म्हणाला, दोन दिवसांत कागदं झाली की नेतो.

तो न्यायचा दिवस आन् खंडेनवमी एकच निघाली. आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्याराची पूजा चुकत न्हाई, फौजेत असताना बर्फात बी केलीय. अरबाब म्हणाला, मागच्या खोलीत कर, पण धूर न्हाई, नारळ फोडायचा न्हाई, आन् विकायच्या बंदुकीला रंग लावायचा न्हाई. बरं म्हणालो. बंदुकीला न्हाई तर न्हाई, तिचा जीव बोल्टात, म्हणून तिघींचे बोल्ट काढले, पाटावर धुतलेलं फडकं घातलं, त्यावर बोल्ट, पेचकस, गेज, समदं मांडलं, हळदकुंकू वाहिलं, इंडियन दुकानातनं झेंडू आणला होता तो वाहिला. हात जोडतोय तवर अरबाबचा हुकूम, कस्टमला जा, माल अडकलाय. देवाला म्हणालो बस जरा, आन् गेलो.

दुपार कलल्यावर परत आलो तर पाट मोकळा. फडकं घडी करून ठेवलेलं. विजयन हसत हसत म्हणाला, भाई, बू खालिद आला व्हता, रायफल घेऊन बी गेला, मी बोल्ट पुसून समद्यांत बसवून टाकले, तुमचं काम वाचवलं. मी विचारलं, कुठला बोल्ट कुठं बसवलास? तर म्हणतो, समदे सारखेच की! मी कपाट उघडलं, राहिलेल्या दोघी काढल्या, नंबर बघितले. म्हाताऱ्याच्या रायफलीचा बोल्ट माझ्या हातात, हळदीचा डाग अजून त्यावर. म्हंजे त्या सैल रायफलीत परका बोल्ट घेऊन म्हातारा गेलेला, आन् त्यो सैल हाय का घट्ट ते मापाया रायफलच इथं न्हाई.

तळपायाची आग मस्तकात गेली. विजयनला काय काय बोललो ते तुमच्यासमोर सांगायचं न्हाई. त्यो रडकुंडीला आला, म्हणाला मला काय ठावं भाई. खरं व्हतं त्येचं, डोळ्याला तिघांत काडीचा फरक दिसत न्हाई. पण तवा मला काय सुचत नव्हतं. फोन लावला, वाजतोय, कुणी उचलत न्हाई. पुन्हा लावला. विजयन म्हणाला, जाताना म्हणत व्हता, आजच मारून बघतो. मी बोल्ट आन् गेज खिशात टाकले, विजयनला गाडीत कोंबला, म्हणालो तू फोन लावत बस, थांबू नको, आन् अरबाबला काय बी न सांगता निघालो.

आवो, तो रस्ता मी जन्मात विसरणार न्हाई. उत्तरेकडं जायचं तर बाण दाखवतोय दक्षिण. एका वळणावर क्रेन आडवी, तिथं पोलीस म्हणतोय यल्ला यल्ला, मागं जा. मी म्हणतोय, अरे माणसाचा डोळा जाईल, त्येला काय कळतंय. पुढं सिमेंटचे ट्रक, मुंगीच्या चालीनं. विजयन फोन कानाला लावून पुटपुटतोय, त्येच्या देवाचं नाव घेतोय, आन् मी त्येच्यावर खेकसतोय, देवाचं नंतर, आधी फोन बघ. माझ्या डोळ्यासमोर त्यो म्हातारा, गाल बटीला लावलेला, चांगला डोळा बोल्टाच्या मागं. ज्या डोळ्यानं दिसतंय त्यानंच नेम धरणार ना माणूस! आन् त्येनं घेतली कुणाच्या जबानीवर? माझ्या.

मळ्याच्या फाटकात शिरलो आन् ठो. बार उडाला. विजयननं फोनच टाकला. मी गाडी चालू ठेवून पळालो, खजुरींच्या मागं मोकळा माळ, तिथं म्हातारा सतरंजीवर पालथा, पुढं वाळूची पोती, लांब एक पिंप ठेवलेलं. धड व्हता, सगळा, डोळ्यासकट. आन् पुढची गोळी भरत व्हता. मी वरडलो, खलास! बस! मत मारो! त्यो दचकून वळला तशी नळी माझ्याकडं वळली, मी जागच्या जागी हात वर केले. चार पावलांवर मरण बघितलं मी तवा. त्येनं ओळखलं, नळी खाली केली, म्हणाला, काय झालं रे, दोन मारल्या, झकास हाय, तू खरं सांगितलंस.

मी त्येच्या हातनं रायफल घेऊन आधी गोळी काढली, मग सतरंजीवरच्या दोन्ही पुंगळ्या उचलल्या. बुडाच्या जरा वर गोल चकाकती रेघ, दोन्हींवर. पितळ ताणलेलं. मग दुसरा गेज घातला, ज्यावर बंद होता कामा नये त्यो, आन् बोल्ट फिरवला. सरळ बंद झाला, कुठं अडला न्हाई. तिसऱ्या गोळीला फाटलं असतं का दहाव्या, त्ये देवाला ठाऊक, पण फाटलं असतं.

म्हातारा म्हणाला, सांग. मी समदं सांगितलं, सण, पूजा, बोल्ट, विजयनचं बी सांगितलं, मागं उभा व्हता बिचारा मान घालून. वाटलं आता हा पोलिसाला फोन करणार, अरबाबला करणार, आपलं खलास. त्येनं विचारलं, तुम्ही हत्याराकडं मागता काय? मी म्हणालो, मागत न्हाई बाबा, आमच्यात त्येची माफी मागत्यात, वर्षभर राबवलं म्हणून, त्येच्या हातनं कुणाला दुखलं असंल म्हणून. म्हाताऱ्यानं रायफल माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाला, बसव तिचा बोल्ट.

बसवला. गेज घातला, बंद झाला न्हाई, जिथं अडायचा तिथं अडला. म्हणालो, आता बरोबर हाय. त्यो म्हणाला, सकाळी बी बरोबरच व्हती ना? आधी तू मार. मी पालथा झालो, गाल लावला, मारली. पिंपाला लागली का न्हाई ते बी बघितलं न्हाई, पुंगळी बघितली, साफ. मग त्यो माझ्या जागी पालथा झाला आन् म्हणाला, जाऊ नको, इथं ये, झोप माझ्याशेजारी, तोंड इथं आण, माझ्या तोंडापाशी. मी आणलं. त्येची दाढी माझ्या गालाला टोचत व्हती, बोल्ट माझ्या डोळ्यासमोर वीतभर. म्हणाला, डोळे उघडे ठेव. आयुष्यभर बंदुका हाताळल्या मी, पण एवढं भ्यालो न्हाई कधी, आन् तरी डोळा मिटला न्हाई. ठो झालं. म्हाताऱ्यानं माझ्या डोक्यावर थापटलं, लेकराच्या थापटावं तसं. मला रडू आवरेना, सरळ सांगतो.

अरबाबला ह्यातलं काय बी ठाऊक न्हाई. विजयन अजून काउंटरवर, आता बोल्टाला हात लावायचा म्हटलं की पळतो. आता वर्ल्ड कप तोंडावर आलाय, खणलेलं बुजवत आणलंय, लोक म्हणत्यात तो झाला की निम्मी दुकानं आवरतील, आवरली तर आवरू देत, गाव हाय, आमची मंडळी हाय भांडाया. पण शुक्रवारची नमाज झाली की म्हाताऱ्याचा फोन येतो. काम काय नसतं. कसा हायस विचारतो, आन् मग म्हणतो, अजून दिसतंय रे. मी म्हणतो, अल्हमदुलिल्ला बाबा, दिसत राहू दे.