लिल्या तुवेरीचा नेम

निरुपमाबाईंना कुकरची रिंग घेऊन संध्याकाळच्या दिव्याआधी घरी पोचायचं होतं. पण भांड्यांच्या दुकानात त्यांच्या पुढे नणंद-भावजयीची एक जोडी उभी होती.

"वहिनी, घरात कुकर असताना हा हंडा कशाला?"

"तो भाताचा, वन्सं. याला दाबाचा काटा आहे. ओले दाणे नुसते उकळून बाटलीत भरणं धोक्याचं. यात दाबाच्या वाफेवर बाटल्या उकडल्या की टिकतात."

"पण तू तर लिली तुवेर, हे ओले तुरीचे दाणे, खायचे सोडलेस ना?"

"माझी मृदुला घरी येईपर्यंतच नेम आहे. तीन वर्षं झाली तिला जाऊन. वैशाखात येते म्हणून पत्र आलंय. तेव्हा पादऱ्याच्या मोठ्या भाजीबाजारातसुद्धा ओला दाणा मिळायचा नाही, आणि तिला तर तुवेरीचीच कचोरी लागते."

"झाकण उघडायची घाई करशील हो!"

"काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचं. थांबायची सवय झालीय मला."

"रागावून गेलेली पोरगी. नाहीच आली तर?"

"बाटली वर्षभर टिकते, वन्सं."

नणंदेनं हंडा स्वतःकडे ओढला. मग दुकानदाराकडे वळली.

"भाई, काटा नीट तपासून द्या हं. आणि बाटल्या मोठ्या काढा. आमची मृदुला एका कचोरीवर थांबणारी नाही."