डावीकडचा कप

दुकानदार: दिसायला गोजिरवाणं आहे हे छोटं कॉफी मशीन, वहिनी, पण याचं पाणी लहरी. एक कप फक्कड, पुढचा जळका. साहेबांना विचारा हवं तर, मघापासून त्यांची नजर बरोबर याच्या तापमानाच्या बटणावरच जातेय.

नवरा: साधा थर्मोस्टॅट आहे यात. पाणी फार तापलं की बंद, फार निवलं की चालू. मधल्या मध्ये ज्याचं त्याचं नशीब.

बायको: आणि ते पलीकडचं मोठं?

नवरा: त्याला अंश ठरवून दिला की धरून बसतं.

दुकानदार: त्र्याण्णव म्हटलं की त्र्याण्णव. याच्या वर गेलात तर हॉटेलातली धुडं, तुमच्या ओट्यावर मावायची नाहीत. घरगुती आणि खिशाला झेपेल अशात याच्याइतकं स्थिर दुसरं नाही माझ्याकडे.

बायको: मग तेच घेऊ. अहो, घ्यायचंच तर रडकं कशाला घ्यायचं? सोमवारपासून पुन्हा कामावर बोलावलंय यांना. कॉफी भाजायच्या कारखान्यात चव तपासायचं काम यांच्याकडे. सगळा माल आधी यांच्या जिभेवरून जायचा.

दुकानदार: घ्या. म्हणजे मी मघापासून माशाला पोहायला शिकवतोय.

बायको: मध्ये गळ्याचं दुखणं निघालं. कॅन्सरवर रेडिएशनचे शेक दिले, त्यात चव पार गेली. पण आली परत.

नवरा: अगं, सगळ्या गावाला कशाला सांगतेस?

बायको: चांगलं झालेलं सांगायला कसली चोरी? म्हटलं, कामावर जायच्या आधी घरी जिभेला सराव होईल.

दुकानदार: असं असेल तर आज आमची परीक्षाच होऊन जाऊ दे. दोन्ही मशिनांवर एकेक कप काढतो. साहेब, तुम्ही पाठ करून उभे राहा. कुठला कप कशातला, ते तुम्ही सांगायचं.

नवरा: त्याची काही गरज नाही. मोठंच बांधा.

बायको: सांगा ना, अहो. किती दिवसांत ऐकलं नाही तुमचं ते बोलणं.

(यंत्रांची घरघर थांबते. काउंटरवर दोन छोटे कप. नवरा वळतो आणि दोन्हींतला एकेक घोट घेतो.)

नवरा: डावीकडचा. अंगाने भरलेला आहे. शेवटी एक गोडसरपणा रेंगाळतो. पाणी नीट धरलेलं होतं. तुमचं मोठं मशीन ते हे.

दुकानदार: डावीकडचा?

नवरा: हो.

दुकानदार: थट्टा करताय, साहेब. डावीकडचा या लहानग्याचा. आणि तोही मी पाणी पुरतं तापायच्या आत काढला. म्हटलं, फरक कसा उठून दिसावा.

बायको: बघू तो इकडे.

नवरा: अगं, राहू दे.

बायको: अहो, हा आंबट आहे. दात आंबले माझे.

दुकानदार: आंबट होणारच, वहिनी. ते तर कुणालाही… नाही, म्हणजे, होतं असं कधी कधी.

बायको: भाऊ, प्यायला पाणी मिळेल जरा?

दुकानदार: आणतो ना. आत आहे. तुम्ही बसा तोवर.

बायको: दुसरा घ्या. माझ्याकडे बघत घ्या.

नवरा: घेऊन काय होणार?

बायको: घ्या. काय लागतंय?

नवरा: गरम आहे.

बायको: आणि?

नवरा: ओलं आहे.

बायको: कधीपासून हे असं?

नवरा: पहिल्यापासून. आलीच नव्हती कधी.

बायको: त्या दिवशी संत्रं सोलून दिलं तेव्हा म्हणालात, आली. मी तुमच्या बहिणीला फोन लावला. रडले मी तिच्यापाशी.

नवरा: फोड हातात धरून तू अशी समोर उभी होतीस. तोंडातून निघून गेलं. एकदा हो म्हटलं की मग रोज हो म्हणावं लागतं.

बायको: आणि परवाची भाजी? मीठ दोनदा पडलं होतं माझ्याकडून. मला घास उतरेना, आणि तुम्ही मागून घेतलीत. मला वाटलं, माझं मन राखायला खाताय.

नवरा: तुझ्यासाठीच खात होतो. खारट आहे, एवढं माहीत नव्हतं.

बायको: सोमवारी काय करणार होतात? तिथे रांगेने कप मांडून ठेवतात तुमच्यापुढे.

नवरा: निभावून नेईन म्हटलं. दाण्याच्या रंगावरून थोडं कळतं. वासही येतोसं वाटतं कधी, पण तो बहुधा आठवणीतलाच. बाकी बोलून. इतक्या वर्षांत शब्द तोंडपाठ झालेत.

बायको: ऐकले आत्ता. फार छान बोललात.

नवरा: हं.

बायको: डॉक्टरांकडे जाऊ पुन्हा.

नवरा: जाऊन आलो. बँकेत जातो म्हणालो होतो ना, त्या दिवशी. आता आशा धरू नका म्हणाले. चांगल्या शब्दांत म्हणाले.

बायको: एकटे ऐकून आलात.

नवरा: दोघांनी ऐकून काय निराळं झालं असतं?

बायको: मी गप्प तरी राहिले असते. रोज ताट वाढलं की विचारायचे, कसं झालंय, कसं झालंय.

नवरा: ते बंद झालं असतं. तेच नको होतं मला.

बायको: कारखान्यातल्या तुमच्या साहेबांना फोन करा. आत्ताच करा.

नवरा: सोमवारी जाऊनच सांगतो. ते बिचारे वाट बघतायत.

बायको: मी येऊ बरोबर?

नवरा: नको.

दुकानदार: हे घ्या, वहिनी. मग? मोठं बांधू ना?

बायको: नको, भाऊ. राहू दे.

दुकानदार: का हो? डावीकडचा सोडून द्या, पण उजवीकडचा? साहेब, तुम्ही खरं सांगा. चव चांगली नव्हती का?

नवरा: चांगलीच असेल.