पुरेल तेवढी वाफ

कॅम्पातल्या इस्पितळात नंबराची वाट पाहणाऱ्या हेमाच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडत होतं.

"टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी बोट ना, रहीमभाई?"

"हो, माधवराव. मुंबई बंदरात तिच्या भट्टीत जन्मभर कोळसा टाकला मी. डिझेलच्या आल्या, तशी तिला मोडीत काढली."

"मग ओढतच नेली असेल."

"नेणार होते. आम्हीच अडून बसलो. जिनं सगळ्यांना ओढलं, तिला दोर बांधायचा? शेवटची भट्टी पेटवली."

"मोडायला न्यायची आणि त्यासाठी कोळसा जाळायचा! धन्य आहात."

"बोट हाकणाऱ्या आमच्या सारंगांनीही विचारलं, 'रहीम, वाफ पुरेल का?' म्हटलं, 'जायचंय तेवढी पुरेल.' भरतीला ती आपल्या जोरावर मोडीच्या किनाऱ्यावर चढली. मग मी भट्टीचं दार उघडलं आणि निखारे विझेपर्यंत बसून राहिलो."

"आणि परत?"

"एसटीनं."

सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन आली.

"चाचा, ऑपरेशनला चला. बसा यात."

"नको, बेटा. रझिया, हात दे."

"अब्बा, चालवेल का तिथपर्यंत?"

"जायचंय तेवढं चालवेल."