हिराबाईची भवानी

अरे, आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या गेटवर कोलशेतची हिराबाई मासळी घेऊन बसायची ना, तिचं ऐक. पहिलं गिऱ्हाईक आमची आई. तिच्या हातची भवानी झाल्याशिवाय बाई दुसऱ्या कुणाला बोंबीलही दाखवायची नाही. पण आमच्या सेक्रेटरींच्या नाकाला वास सोसेना. तक्रारी करून त्यांनी तिला उठवलंच. मग पालिकेकडून तिला लायसन मिळालं, मंडईत नळासकट ओटा मिळाला. आई मात्र रोज सकाळी उगाच खिडकीत उभी.

परवा खालून हाक आली, "वयनीऽऽ!" बघतो तर हिराबाई, टोपलीत आईपुरतं एकच पापलेट.

सेक्रेटरी धावले. "अहो बाई, एवढा स्वच्छ ओटा मिळाला, तरी इथेच?"

"ओटा झ्याक हाय, साहेब," ती म्हणाली. "पन तिथं वर बघून हाक मारायला खिडकी नाय."