साक्षगंधाआधीची सालपटं

नाही, तुम्हीच सांगा, 'काही होत नाही' हे वाक्य कोणी काढलं असेल? कारण ज्याला खरंच काही होणार नसतं, तोच हे म्हणत असतो. मी तर अशी आहे की कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातली वाटी पडते. त्यात राहते वणीत, जिथे दिवसरात्र कोळशाचे ट्रक, एखाद्याने हॉर्न मारला की मी घरात पलंगावर बसल्या जागी रस्त्याच्या कडेला होते. एम.कॉम. झाले, पण घाबरणं काही सुटलं नाही... आणि अशा मुलीच्या तोंडाला ॲसिड लावायचं, आणि वरून म्हणायचं काय, तर काही होत नाही म्हणे.

हो, ॲसिडच. केमिकल पील म्हणतात त्याला. वरची कातडी हळूहळू निघते आणि खालून नवी येते. सापाची निघते ना, तशी. फक्त साप त्यासाठी अपॉइंटमेंट घेत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी भीती तर गेलीस काहून? तर ऐका. पांढरकवड्याचा रजत, हायवेवर टायरचं दुकान, मुलगा चांगला, शांत. पाहायला आले संध्याकाळी. मी पोहे घेऊन बाहेर आले आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर आमच्याकडे एकच बल्ब, तोही स्वयंपाकघरात. मंडळी अंधारात बसली, अंधारातच पोहे खाल्ले, अंधारातच मला विचारलं की शिक्षण किती, आणि जाताना म्हणाले, "पसंत आहे." घरात सगळे खूश. मी एकटी रात्रभर जागी. अहो, पसंत काय केलं त्यांनी? माझ्या दोन्ही गालांवर बारावीपासूनचे मुरुमांचे डाग आहेत. पाठवलेल्या फोटोत मोबाइलने ते आपणहून पुसून टाकले होते, मी सांगितलंही नव्हतं. म्हणजे आधी फोटो खोटा, मग अंधार खरा. आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, ठरलं दिवसाढवळ्या, हॉलमध्ये, फोटोग्राफरच्या मोठ्या लाइटखाली. तिथे त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यांना वाटलं की मुलगी बदलली, तर?

म्हणून यवतमाळ. वणीत कोणी पाहील ना. आईला घेऊन गेले, त्वचेच्या मॅडमकडे, आणि बसल्याबरोबर सुरू झाले. "मॅडम, दुखते का?" थोडं चुरचुरेल. "थोडं म्हणजे केवढं?" थोडं म्हणजे थोडं. "मी गोरी होईन का?" नाही, रंग आहे तोच राहील, डाग फिके होतील. "पूर्ण जातील?" एका वेळी नाही, तीन-चार सिटिंग लागतात. "आणि डाग जायच्या ऐवजी वाढले तर?" सांगितलेली काळजी घेतली नाही तर वाढू शकतात. हे ऐकून मी उठलेच होते, पण आईने ओढणी धरून ठेवली होती. "मॅडम, याने कोणाचं तोंड कायमचं वाकडं झालं का?" तेव्हा मॅडमने पेन खाली ठेवलं आणि आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तुमी लावा जी. काही होत नाही तिले."

तिले. मला होणार नाही हे आईला कसं माहीत?

मला आडवं केलं, डोळ्यांवर कापूस ठेवला, छोटा पंखा तोंडावर सोडला. काहीतरी गार लागलं आणि मी जी ओरडले... बाहेरच्या बाकावरची एक बाई उठून घरी गेली, असं आईने नंतर सांगितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सुरभी, अजून सुरू नाही केलं. चेहरा पुसते आहे फक्त."

मग सुरू केलं. आणि खरं सांगू, मिरच्या कुटून हात तोंडाला लागला की होतं तेवढंच. पण ओरडून झालं होतं, आता गप्प बसणंही बरं दिसेना, म्हणून थोडी कण्हले.

निघताना मॅडमने बजावलं, तिसऱ्या दिवशी साल सुटेल, हात लावायचा नाही, ओढायची नाही, ऊन टाळायचं, धूळ टाळायची. मी विचारलं, "धूळ? मॅडम, आम्ही वणीचे आहोत." मॅडमने चिठ्ठीवर 'धूळ' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

आता खरी गोष्ट इथून पुढे. तोंडाला ओढणी गुंडाळून वणीच्या स्टँडवर उतरलो, आणि समोर कोण? आमच्या शेजारच्या तानाबाई. "काय वं, कुठून?" आईला खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायचं नाही. म्हणाली, "दवाखान्यातून." "काय झालं पोरीले?" "काही नाही, जरा तोंडाचं होतं." बस. एवढंच.

तुम्हाला तर माहीत आहे आपल्याकडचं. दवाखाना म्हटला की पाहायला जावंच लागतं. भांडण असो, बोलणं बंद असो, पेशंटला पाहायला नाही गेलं तर जन्मभर ऐकावं लागते. संध्याकाळी तानाबाई बिस्किटचा पुडा घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी गल्ली आली. केळी आली, नारळपाणी आलं, बाबांच्या ऑफिसमधले चौघे आले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. बाबांना काही माहीत नव्हतं, तेसुद्धा रडवेले झाले. स्टँडवरचं 'जरा तोंडाचं' गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तोंडाचं ऑपरेशन झालं होतं, आणि ऑपरेशन म्हटल्यावर काय काढलं हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलं. मी आतून ऐकून राह्यले, "एवढी तरणी पोर... पण काही होत नाही म्हणा आजकाल, लवकर समजलं तर."

मला स्वतःलाच शंका यायला लागली. गुपचूप गालाखाली गाठ चाचपून पाहिली.

आणि तिसऱ्या दिवशी सुटलं ना सगळं. उकडलेल्या बटाट्यासारखं. हनुवटीजवळून सालपटं, नाकाच्या दोन्ही बाजूंनी सालपटं, मी हसले की गालावरून एक खाली. म्हणून हसणं बंद. तानाबाई समोर बसून एकटक पाहत होत्या, आणि त्यांची बोटं आपोआप पुढे यायला लागली. "इतकुसं लोंबून राह्यलं वं, काढू का?" नको काकू. "अवं, काही होत नाही, हलकेच ओढतो." मी पलंगावरून उडी मारून न्हाणीघरात, आतून कडी लावून.

तिथेच होते, तेव्हा बाहेर गाडी थांबली. मग बाबांचा आवाज, एकदम पातळ झालेला... "या, या ईनबाई, अचानक?"

पांढरकवड्याहून. रजतची आई. बबिताबाई.

पोरीचं ऑपरेशन झालं, आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाही, म्हणून सफरचंदं घेऊन पाहायला आल्या होत्या. अंधारात पसंत केलेली सून आता भर दुपारी पाहणार, आणि तीही अर्धी सोललेली. मोडलं, म्हटलं. मोडलंच हे. आता घरात जेवढे पुडे आले आहेत तेवढे सगळे साक्षगंध मोडलं म्हणून परत येतील. आई दाराशी येऊन म्हणते, "निघ ना वं बाहेर, काही होत नाही." मी आतून म्हटलं, आई, तुला मरेपर्यंत काही होणार नाही, मी इथेच राहते.

शेवटी निघाले. ओढणी डोळ्यांपर्यंत. बबिताबाईंनी ती हळूच खाली केली. पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठल्या, आईला म्हणाल्या, "तुमी चहा ठेवा," तानाबाईंनाही तिच्यामागे पाठवलं आणि दार आतून लावून घेतलं. मी भिंतीला टेकले. आता हात उगारतात की रडतात, काहीच कळेना.

त्यांनी पदर बाजूला केला, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "हे पाह्य पोरी."

दोन्ही गालांवर वांग. गडद, नाकापर्यंत आलेलं. "रजतच्या वेळेपासून आहे," म्हणाल्या. "पावडर लावतो मी. मीच म्हणलं होतं, मुलगी पाहाले संध्याकाळी जाऊ. हॉलमधी तो फोटोवाला येते ना, मले झोप नाही." आणि मग अगदी हळू आवाजात, जवळ सरकून... "हे ऑपरेशन नोहे ना पोरी? तानाबाईले समजत नाही, मले समजते. दुखते का वं?"

थोडं चुरचुरते.

"गोरं होते का?"

नाही, डाग फिके होतात. पण वांगाचं वेगळं असते, आधी मॅडमले दाखवावं लागते, त्याच ठरवतात.

"वाढलं तर?"

आता बोला. जो प्रश्न विचारून मी मॅडमसमोरून उठले होते, तोच माझ्यासमोर उभा. मला म्हणायचं होतं की होय, वाढू शकते, मलाही भीती वाटते, मी तर नुसता कापूस लावल्यावर ओरडले होते. पण त्या बाईचे डोळे भरले होते हो. माझ्या तोंडून काय निघावं? "काही होत नाही, आई. मी येते ना सोबत."

आई म्हणाले मी त्यांना. अजून साक्षगंध व्हायचं होतं.

घेऊन गेले. मॅडमने आधी नुसतं मलम आणि उन्हाचं क्रीम दिलं, बरेच दिवस. मग एक हलकी पील. त्या ओरडल्या नाहीत, माझा हात मात्र असा आवळला की अंगठीचं माप घ्यायला सोनाराला परत यावं लागलं.

माझे डाग आता बरेच फिके झालेत. तोंड स्वच्छ, हॉल ठरलेला, फोटोग्राफर ठरलेला, आणि काल पांढरकवड्याहून फोन आला की साक्षगंध पुढे ढकला, मुलाच्या आईची तब्येत ठीक नाही. बाबा पुन्हा रडवेले. रजतलाही कारण माहीत नाही. मला माहीत आहे, पण सांगता येत नाही... त्यांच्या हनुवटीची साल सुटून राह्यली.

आणि पुढच्या सिटिंगलाही मीच न्यायची आहे. म्हणजे बघा, बोटात अंगठी नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही, आणि सासूला दवाखान्यात नेणं-आणणं मात्र सुरू झालं.