आजारी डिस्कची पूजा
खंडेनवमीला यंत्रं बंद करून पुजायची, यावरूनच आमच्या ह्यांची पंचाईत झाली बघा. नागापूरच्या त्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरची एक डिस्क मेलेली, दुसरी कुरकुरत होती. तिच्यावरची सगळी ड्रॉइंगं टेपवर उतरण्याआधी मशीन बंद केलं, तर ती पुन्हा उठणार नाही, ही ह्यांना धास्ती.

फोरमनमामा ताट घेऊन अडून बसले. "साहेब, चालू मशीन पुजत न्हाईत."

"मामा, ती आजारी आहे."

"मग तर पूजा पायजेच!"

पूजेच्या हळदीकुंकवाला बोलावलेली नवी नवरी मी. हळूच म्हटलं, "मामा, आजाऱ्याला अंथरुणातून उठवून ओवाळतात का?"

मामांनी दारातूनच ओवाळलं आणि सगळ्यांना दटावलं, "गप ऱ्हावा, पेशंट हाय आत."

संध्याकाळी टेप पूर्ण झाली. ह्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. डिस्क खरंच उठली नाही.

मामांनी टोपी काढली. "समद्यांचं समदं देऊन गेली बिचारी."