घोटभर पाणी

आपले डब्लिनचे दातेकाका माहितीयेत ना? जन्मभर भूल देणारे डॉक्टर. रिटायर झाल्यावर त्यांच्याच आतड्याचं मोठं ऑपरेशन निघालं. मीच ड्राइव्ह करून नेलं. दोन तास आधी नर्सनं साखरपाण्यासारखं काहीतरी प्यायला दिलं.

काका भडकलेच. “ऑपरेशनआधी पाण्याचा थेंबही चालत नाही!”

नर्स म्हणाली, “आता चालतं, डॉक्टर. पेशंट लवकर सावरतो.”

काका ग्लास नुसता धरून बसले. मी आपला घाई करत म्हटलं, “प्या ना, काका.”

“तुझ्या काकूनं ऑपरेशनआधी घोटभर पाणी मागितलं होतं रे. ग्लास मीच काढून घेतला. ती परत शुद्धीवर आलीच नाही.”

मग प्यायले.

पाचव्या दिवशी घरी सोडलं. आल्या आल्या काकांनी पाण्यानं भरलेलं फुलपात्र काकूंच्या फोटोपुढे ठेवलं, आणि मगच बसले.